मुदत संपल्यावर जमिनीचं काय? तारापूर, कोयना आणि आमचा माळ



आजची नोंद पिकाची नाही. द्राक्षाची खरड छाटणी उरकली, बागेला पाणी चालू आहे, रात्रपाळीची लाईट आहे, त्यामुळं झोपेचं खोबरं झालंय. अशाच जागरणात गेले दोन महिने एका कागदावर विचार चाललाय. तो तुमच्यापुढं मांडतो.

आमचा खानापूर तालुक्यात पाच एकर माळ आहे. मुरमाड, उताराचा. हुलगा-मटकी सोडली तर तिथं काही येत नाही. एका सौर कंपनीचा माणूस आला आणि भाडेकराराचा मसुदा ठेवून गेला. मुदत २९ वर्षं ११ महिने. भाड्याचा दर सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरसाल ३ टक्के वाढ असा आहे, त्याच्याच आसपासचा. दोन हेक्टरचे अडीच लाख झाले. थोरलीचं शिक्षण त्यात निघतंय. खोटं कशाला सांगू, मी सही करायला पेन काढला होता.

आबा ओसरीवर बसून ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी एकच विचारलं, "मुदत सरल्यावर ह्ये खांब कोण उपटणार? मी तर नसतोय तवा."

कंपनीचा माणूस हसला. म्हणाला, "काका, तेवढं लांबचं आत्ता कशाला?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मसुदा परत वाचला. सतरा पानं. वीज कशी नेणार, रस्ता कुठून काढणार, कुंपण किती उंच, सगळं होतं. जागा मोकळी करून द्यायची कशी, यावर दीड ओळ. मग मी वाचायला लागलो, की वीज तयार करणाऱ्या जागा म्हाताऱ्या झाल्यावर त्यांचं काय होतं. आपल्या राज्यात या प्रश्नाचं सगळ्यात अवघड उदाहरण आहे तारापूरचं अणुवीज केंद्र. म्हणून आज आधी तारापूर, मग आपली कोयना, आणि शेवटी परत माळावर येऊ.

तारापूर तिथंच का

साल १९६०. मे महिन्यात महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. मुंबईच्या गिरण्या आणि गुजरातचे कारखाने विजेसाठी वखवखलेले. कोळशाच्या खाणी लांब, विदर्भात आणि त्याहून लांब बिहार-बंगालात. वाघिणी भरून कोळसा पश्चिम किनाऱ्यावर आणायचा म्हणजे मालापेक्षा भाडं जड. टाटांची धरणं होती, कोयनेचं काम चालू होतं, पण भूक त्यापेक्षा मोठी. होमी भाभांचं म्हणणं होतं की खाणीपासून लांबच्या अशा भागातच अणुवीज परवडेल. दोन्ही राज्यांच्या मधला किनारा, थंड करायला समुद्राचं पाणी, जवळून जाणारी रेल्वे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातली, आजच्या पालघर जिल्ह्यातली बोईसरजवळची तारापूरची जागा ठरली.

अमेरिकेबरोबर १९६३ मध्ये करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं अमेरिकेच्या कर्जातून दोन भट्ट्या उभ्या करून द्यायच्या आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकेनंच पुरवायचं. १९६४ मध्ये काम सुरू झालं. भाभा जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांना हे केंद्र चालू झालेलं बघायला मिळालं नाही. २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन्ही संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. भारतातली ही पहिली अणुवीज. ती महाराष्ट्र आणि गुजरात दोघांनी वाटून घेतली.

आता ही भट्टी चालते कशी, ते आपल्या भाषेत. साखर कारखान्यातलं सहवीज केंद्र बघितलंय ना? भुसा जाळायचा, बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाईन फिरवायचं, वीज काढायची. तारापूरच्या जुन्या संचांत टर्बाईनपासून पुढचं सगळं जवळपास तसंच. फरक चुलीत. तिथं भुशाऐवजी युरेनियमच्या कांड्या आणि त्या कांड्यांना लागूनच पाणी उकळतं. तीच वाफ टर्बाईनवर जाते. म्हणून या प्रकाराला उकळत्या पाण्याची अणुभट्टी म्हणतात.

सोपी रचना. पण त्याची किंमत शेवटी मोजावी लागते. कारखान्याचा बॉयलर जुना झाला की भंगारवाला येतो, गॅस कटरनं कापतो, वजन करून नेतो. इथं चुलीचं भांडं, नळ्या, पंप हे वर्षानुवर्षं किरणोत्सर्गाखाली राहिलेलं लोखंड. वाफ थेट पलीकडं जात असल्यामुळं टर्बाईनलाही तो थोडाफार लागलेला. त्यामुळं भट्टी बंद करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. खरं काम बटण दाबल्यावर सुरू होतं.

म्हातारपण

सुरुवातीला दोन्ही संच २१० मेगावॉटचे होते. पुढं वाफेच्या दुय्यम यंत्रणेतल्या नळ्या गळायला लागल्या. ती यंत्रणा बाजूला करून संच १६० मेगावॉटवर आणले. म्हणजे बैल जुना झाला म्हणून ओझं कमी केलं, पण औत सोडलं नाही.

मधे इंधनाचं राजकारण झालं. १९७४ ला आपण पोखरणची चाचणी केली आणि त्यानंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला. त्यांच्या १९७८ च्या कायद्यानं तर पुरवठ्याची वाटच बंद झाली. १९८२ पासून फ्रान्सनं इंधन दिलं, पुढं चीननं, मग रशियानं. ज्याची चूल त्यानंच सरपण द्यायचं असं कागदावर होतं, पण सरपणवाला मधेच उठून गेला. कराराला दहा-पंधरा वर्षं होत नाहीत तोवर एवढं झालं. आपण तीस वर्षांचा करार करताना समोरची कंपनी तशीच राहील असं धरून चालतो, म्हणून हे सांगितलं.

जळून झालेल्या कांड्यांचाही प्रश्न होताच. अमेरिकी इंधनाच्या कांड्यांवर पुढची प्रक्रिया करायला त्यांची संमती लागणार की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद. कांड्या पाण्याच्या टाक्यांत तिथंच साठत राहिल्या.

मग वय झालं. अशा भट्ट्या साधारण ४० वर्षं चालतील असं जगभर धरलं जायचं. तारापूरची तपासणी करून, २००५-०६ मध्ये संच थांबवून बरंच काही बदलून पुढं चालवल्या. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा झालं. तिथल्या भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच जातीच्या, पहिली तर जनरल इलेक्ट्रिकचीच, १९७१ ची. तारापूरला तसं काही झालेलं नाही, हे इथं स्पष्ट सांगतो. पण त्यानंतर आपल्याकडंही फेरतपासणी झाली. २०२० मध्ये दोन्ही जुने संच मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले. भट्टीतून पाणी फिरवणाऱ्या जाड नळ्या बदलणं हे त्यातलं मोठं काम. मोडीत न काढता आयुष्य वाढवायचं, असं धोरण ठरलं.

तारापूरच्याच बरोबरीची अमेरिकेतली ऑयस्टर क्रीकची भट्टी डिसेंबर १९६९ मध्ये चालू झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कायमची बंद केली. तिथं आता मोडणीचं काम. आपल्याकडं व्यापारी वीज देणारी एकही अणुभट्टी अजून पूर्ण मोडून जागा साफ केलेली नाही. राजस्थानातल्या रावतभाट्याचा पहिला संच २००४ पासून बंद आहे, पण उभा आहे.

मोडायची म्हणजे काय करायची

जगात तीन रस्ते वापरतात. एक, बंद केली की लगेच सुटी करायला घ्यायची. दोन, इंधन काढून, दारं लावून, पहारा ठेवून काही दशकं तशीच थांबवायची आणि मग मोडायची. तीन, जागच्या जागी काँक्रीटमध्ये गाडायची. हा तिसरा रस्ता अपघातासारख्या अपवादाला, एरवी त्याची शिफारस होत नाही.

थांबण्यात शहाणपण आहे. जुन्या लोखंडातला मोठा त्रास कोबाल्ट-६० या द्रव्याचा. तो दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. तीस वर्षं थांबलं तर साधारण पन्नासावा हिस्सा उरतो. शेणखत मुरू द्यावं तसं. पण सिझियम-१३७ ला निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात. आणि जळालेल्या कांड्यांतली काही द्रव्यं हजारो वर्षं राहतात, तिथं मुरायची वाट बघून भागत नाही.

शिवाय थांबायचं म्हणजे ज्यांनी भट्टी चालवली, ज्यांना कुठल्या नळीला कधी ठिगळ लावलंय ते माहीत आहे, ती माणसं तोवर निवृत्त होणार, जाणार. राहणार फक्त नोंदी. नोंदी नीट नसतील तर नव्या माणसाला अंधारात चाचपडायचं.

पैशाचं बघा. आपल्याकडं अणुविजेच्या दरात मोडणीसाठी म्हणून युनिटमागं २ पैसे वेगळे धरतात. हिशेब मांडून बघितला. १६० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीनं चालला तर ३८ लाख ४० हजार युनिट. त्याचे २ पैशांनी ७६,८०० रुपये. दोन्ही संच वर्षात एक दिवसही न थांबता चालले तरी साडेपाच कोटींच्या आसपास. आणि संच दुरुस्तीला थांबला की त्यातून जमा होणारं शून्य. तिकडं अमेरिकेत मेन यांकी नावाचं केंद्र १९९७ मध्ये कायमचं बंद करायचं ठरलं, २००५ पर्यंत मोडून झालं, खर्च पन्नास कोटी डॉलरच्या घरात. त्यांची मजुरी वेगळी, भट्टी मोठी, त्यामुळं आकडा आकड्याला लावता येत नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. भट्टी गेली, इमारती गेल्या, बरीचशी जमीन मोकळी झाली, तरी जळालेल्या कांड्या पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत भरून तिथंच पहाऱ्यात उभ्या आहेत. त्या न्यायच्या कुठं ते ठरलंच नाही, म्हणून.

तारापूरला तर नुसत्या दोन जुन्या भट्ट्या नाहीत. जळालेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे, किरणोत्सर्गी कचरा काचेत गोठवण्याची सोय आहे, आणि २००५-०६ मध्ये चालू झालेले ५४० मेगावॉटचे दोन नवे, आपल्या देशात बांधलेले संच आहेत. त्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचं गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे जुन्या भट्ट्यांची चाळिशी जवळ आली तेव्हा जागा मोकळी व्हायच्या ऐवजी वाढली.

यात कुणाचा कावा शोधायची गरज नाही. त्यामागं व्यवहार आहे. एकदा उच्च दाबाच्या तारा आल्या, समुद्राचं पाणी आत घेणारी वाट झाली, शिकलेली माणसं वसली, भोवतीनं १.६ किलोमीटरपर्यंत वस्ती नाही आणि ५ किलोमीटरपर्यंत वाढीवर बंधन, की नवी भट्टी दुसरीकडं न्यायची कशाला? जुन्याच्या शेजारीच बांधतात. इंग्लंडमधलं काल्डर हॉल १९५६ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये बंद झालं. तिकडच्या जुन्या अणुजागा पुरत्या साफ करण्याचं वेळापत्रक पुढच्या शतकात जातं. म्हणून तारापूरच्या जागेचं भवितव्य काय, याचं माझं उत्तर असं: ती वीज आणि अणुइंधनाचीच जागा राहणार. तिथं परत भात लागेल असं कुणी समजू नये. मग निदान कुठला भाग केव्हा मोकळा होणार, कुठला कधीच होणार नाही, आणि त्याचा पैसा कुठून येणार, हे शेजारच्या गावांना लेखी आणि मराठीत कळायला हवं. भट्टी मोडायला काढल्यावर सांगून उपयोग नाही, ती चालू असतानाच सांगायला हवं.

आपली कोयना

तुम्ही म्हणाल, सांगली-साताऱ्याचा माणूस पालघरच्या उचापती का करतोय? तर त्याच दशकात आपल्याकडंही हेच झालं. फक्त चूल वेगळी होती.

माझ्या थोरल्या आत्याचं सासर कोयनाकाठचं. तिचं लग्न झालं आणि दोन पावसाळ्यांत घर उठलं. गाव आज शिवसागराच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की घरांची जोती दिसायची, तेव्हा ती माणसं बघायला जायची. आत्या गेली नाही कधी. म्हणायची, "जोतं बघून काय करायचंय, चूल थोडीच दिसणार हाय."

१९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं. आज सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. धरण १०५ टीएमसीचं, त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा लवादानं दिली. उरलेल्यावर आपल्या नदीकाठची शेती.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट आबांना अजून आठवते. उतरंडीची गाडगी खाली आली, गोठ्यात बैलांनी दावी तोडली. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तारापूरचं बांधकाम तेव्हा ऐन रंगात होतं. कोयनेच्या धरणाला भेगा गेल्या, ते नंतर मजबूत केलं. धरणाच्या पाण्यामुळं भूकंप होतात का, हा अभ्यास आजही चालू आहे. कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे, गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. म्हणजे बांधून साठ वर्षं झाली तरी जागेचा हिशेब चालूच आहे. आणि माणसांचाही. २०१८ मध्ये कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडं त्यात होती.

मी विजेच्या विरोधात नाही. मी असणार कसा? आमच्या बागेला टेंभूचं पाणी येतं. कराड तालुक्यात कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं चढवत ते खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावर आणलंय. ते चढतं विजेवर. त्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलतं आणि १९ टक्के आपण. वीज नसती तर माझी बागच नसती, हुलगाच असता. म्हणून कुणी वीजनिर्मितीला नुसतं "नको" म्हटलं की मला पटत नाही. पण "घ्या, पण शेवटचं पान दाखवा" म्हणायला काय हरकत आहे?

पाटणच्या वनकुसवडे पठारावर आणि चाळकेवाडीला गेलात तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या पवनचक्क्या दिसतील. त्यांचंही वय झालं. २०२३ मध्ये केंद्रानं जुन्या पवनचक्क्या काढून त्याच जागी नव्या बसवायचं धोरण आणलं. इथंही तीच रीत, जागा तीच राहते, यंत्र बदलतं. घाटाखाली राजापूर तालुक्यात माडबन-जैतापूरला ९३८ हेक्टर जमीन घेतलीय, १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या व्हायच्या आहेत, एकेकीचं आयुष्य ६० वर्षं धरलंय. आपल्यापैकी कितीजणांचे पाहुणे तिकडं आहेत. २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला. भट्ट्या होतील न होतील, पण त्या साठ वर्षांनंतरचं पान आजच मागायला हवं.

कृषीवाल्यांसाठी थोडं

तारापूरसह प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण तपासणीची एक प्रयोगशाळा असते. ती माती, दूध, मासे, धान्य यांचे नमुने तपासते. महत्त्वाचं म्हणजे भट्टी चालू होण्याआधीचे नमुने घेऊन ठेवायचे असतात. आधी काय होतं तेच माहीत नसेल, तर नंतर बिघडलं की नाही हे कुणी सांगायचं?

फुकुशिमाच्या शेतकऱ्यांनी याचा धडा फार महागात घेतला. सिझियम हे पिकाला पालाशासारखं वाटतं. जमिनीत पालाश कमी असलं की भाताची मुळं सिझियम उचलतात. म्हणून तिथं काही रानांत वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली, काही ठिकाणी खोल नांगरून वरची माती खाली घातली, आणि भाताला जादा पालाश दिलं. २०१२ पासून तिथल्या भाताचं एकेक पोतं मशीनखालून तपासून बाजारात गेलं. तांदूळ स्वच्छ निघायला लागला तरी भाव लवकर परत आला नाही. माती सुधारायला खत आहे, बाजारातल्या नावाला नाही.

आता माळाचं

सौर पॅनलमध्ये किरणोत्सर्ग नाही, तारापूर आणि आमच्या माळाची बरोबरी मी करत नाही. पण रीत तीच. भाडं पहिल्या पानावर आणि जबाबदारी शेवटच्या. हे सगळं वाचून मी वकिलाकडून मसुद्यात पाच गोष्टी घालून मागितल्या आहेत:

१. मुदत संपल्यावर खांब, पाया, केबल, कुंपण सहा महिन्यांत काढायचं. जमिनीखाली तीन फुटांपर्यंत काही ठेवायचं नाही, नांगर अडता कामा नये.

२. त्यासाठीचा पैसा आधीच वेगळा. बँक हमी माझ्या नावे, आणि दर पाच वर्षांनी तिची रक्कम वाढवायची. तारापूरचे २ पैसे यावरूनच सुचले. थोडा असला तरी पैसा पहिल्या दिवसापासून बाजूला पडला पाहिजे.

३. कंपनी विकली, नाव बदललं, तरी नवा मालक याच कलमांना बांधील.

४. काम सुरू व्हायच्या आधी माती परीक्षण, उताराची आणि ओढ्याची नोंद, फोटोसकट. एक प्रत माझ्याकडं, एक ग्रामपंचायतीत. माळ सोडताना तेच परत.

५. फुटकी आणि जुनी पॅनल कंपनीनं न्यायची. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनल धरलीत, त्यामुळं हे काही आमचं खूळ नाही.

कंपनीच्या माणसानं पहिली, तिसरी आणि पाचवी मान्य केली. चौथीला म्हणाला, करू. दुसरीला म्हणाला, "हे फॉरमॅटमध्ये बसत नाही, वरून विचारावं लागेल." दोन आठवडे झाले, वरून उत्तर नाही. शेजारच्या तिघांनी बिनकलमाच्याच मसुद्यावर सह्या केल्या. त्यातल्या एकानं मला सांगितलं, "तुझ्यापायी आमची लाईन अडायची हां." त्याचंही खरं आहे. सलग जमीन मिळाली नाही तर कंपनी दुसऱ्या गावाला जाईल, आणि त्याला पोरीच्या लग्नाचं देणं फेडायचंय. माझ्याही घरात फीचा हप्ता जूनमध्ये आहे.

सोमवारी ग्रामसभा आहे. मी दुसरं कलम सगळ्यांच्याच करारात घालून मागू या असं मांडणार आहे. एकट्यानं मागितलं तर फॉरमॅटमध्ये बसत नाही, चाळीस जणांनी मागितलं तर बहुतेक बसेल. नाही बसलं तर काय करायचं, ते आबा आणि मी त्या रात्री ठरवू. कागद तोवर फडताळात आहे.

ज्यांनी पवनचक्कीला, सौरला किंवा टॉवरला जमीन दिलीय, त्यांनी आपापला करार काढून शेवटची दोन पानं वाचा. जागा मोकळी करून देण्याबद्दल काय लिहिलंय, पैसा वेगळा ठेवलाय का, तेवढं मला कळवा. सोमवारच्या आत कळलं तर ग्रामसभेत वाचून दाखवतो.

चला, पहाटे चारला लाईट जाणार, व्हॉल्व्ह फिरवायला जातो. राम राम.